भ्रंश : आडभिंत की पळवाट?

दापोड्यात गोदामाचा पाया खणायला घेतला की माती लवकर संपते. मग मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. तिथे पोकलेनचा दात चालत नाही, ब्रेकर लावावा लागतो. मानकोली नाक्याच्या आसपास पसरलेली गोदामे आणि त्यांच्या दारात रात्रंदिवस लागणारे कंटेनर, हा सगळा भार याच काळ्या पाषाणावर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर पसरत गेले आणि हा बेसाल्ट तयार झाला. इथून पूर्वेला १,६४६ मीटर उंचीचा कळसूबाईचा माथा आहे, तोही याच थरांचा. पायाखालचा दगड असा एकसंध आणि अभेद्य वाटतो. त्यात काही मुरत असेल किंवा त्यातून काही वर येत असेल, असे पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही.

पण दापोडे ज्या भिवंडी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी आहेत. तानसा नदीच्या काठावर आणि पात्रातही तिथे गरम पाण्याची कुंडे आहेत. हिवाळ्यातल्या सकाळी नदीचे पाणी पायाला झोंबते आणि हातभर अंतरावरच्या कुंडातून वाफ उठत असते. कुंडाच्या कडेच्या दगडावर हात ठेवला तर तोही ऊन लागतो. काही कुंडांतले पाणी पन्नास अंशांच्या आसपास तापलेले असते, भाविक पाय टाकून लगेच मागे घेतात. आसपास कुठेही जागृत ज्वालामुखी नाही. हे पाणी मूळचे पावसाचेच. ते भेगांमधून खोलवर उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांमधून पुन्हा वर येते. पालघर जिल्ह्यातल्या सातिवलीपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची माळच आहे. जमिनीच्या पोटातल्या भेगा एका ओळीत असल्याची ती खूण आहे.

थोडक्यात, कातळ कितीही घट्ट दिसला तरी त्यात वाटा असतात. त्यातल्या मोठ्या वाटा म्हणजे भ्रंश. जमिनीखाली काही साठवायचे म्हटले की पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारावा लागतो. आज जगभर जमिनीखाली साठवायची जी वस्तू चर्चेत आहे, ती म्हणजे कार्बन डायऑक्साइड.

खडकात जागा कुठून येते?

कोळसा जाळणारी वीजकेंद्रे, सिमेंटचे आणि पोलादाचे कारखाने यांच्या धुरांड्यांतून कार्बन डायऑक्साइड एकाच जागी मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. दापोड्याच्या रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर गोळा करता येत नाही, पण धुरांड्यातला वायू वेगळा काढता येतो. सिमेंटच्या बाबतीत तर दुसरा इलाज सापडणे अवघड आहे. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी चुनखडी भाजताना तिच्यातूनच हा वायू सुटतो. म्हणून तो पकडायचा, दाबून घट्ट करायचा आणि खोल विहिरीतून खडकात सोडायचा, अशी ही योजना आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये यावर स्वतंत्र अहवाल काढला. मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रही सुरू झाले आहे.

खोलवर सोडायचा तो घनतेसाठी. पृष्ठभागावर एक टन कार्बन डायऑक्साइडला पाचशे घनमीटरांहून जास्त जागा लागते. तापमान ३१ अंशांच्या वर आणि दाब ७४ बारच्या वर गेला की तो एका वेगळ्याच अवस्थेत जातो. तेव्हा तो द्रवासारखा दाट असतो आणि वायूसारखा पसरतो. या अवस्थेत एका टनाला दीड-दोन घनमीटर जागा पुरते. यासाठी किमान ८०० मीटर खोली लागते असे सर्वसाधारणपणे सांगतात, पण तो आकडा थंड देशांना धरून आहे. आपल्याकडे पृष्ठभागाजवळची जमीनच पंचवीस अंशांच्या वर असते. तेवढीच घनता मिळवायची तर आपल्याला आणखी खोल जावे लागेल.

एवढ्या खोलीवर पोकळ गुहा नसतात. जागा असते ती वाळूच्या कणांमध्ये. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला दगड. चांगल्या वालुकाश्मात दहा ते तीस टक्के जागा रिकामी असते आणि ती बहुधा खाऱ्या पाण्याने भरलेली असते. ही छिद्रे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे आत सोडलेला वायू पाण्याला बाजूला सारत पसरू शकतो. मात्र तो खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्याने सतत वर चढू पाहतो. त्याला अडवण्यासाठी वालुकाश्मावर शेल किंवा चिखलदगडाचा अखंड थर असावा लागतो. या थरातही छिद्रे असतात, पण इतकी बारीक की वायूला त्यातून वाट काढता येत नाही.

काळ जातो तसा हा वायू अधिक सुरक्षित होत जातो. थोडा वायू कणांच्या फटींत अडकून बसतो. थोडा पाण्यात विरघळतो, आणि असे पाणी जड असल्याने खाली बसते. काही भाग हजारो वर्षांत खनिज बनतो. निसर्गानेही असे साठे केले आहेत. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ब्राव्हो डोम नावाचा साठा आहे. तिथल्या वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइड दहा लाख वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. थोडक्यात, वालुकाश्म वायू धरून ठेवतो याबद्दल शंका नाही. शंका असते ती त्याला चिरत गेलेल्या भ्रंशांबद्दल.

भ्रंशाने थर सरकतात तेव्हा

खडकावर ताण येऊन तो तुटला आणि तुटलेल्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकल्या की भ्रंश तयार होतो. नुसती भेग आणि भ्रंश यांत फरक हा सरकण्याचाच. सरकणे बोटभर असू शकते, किलोमीटरभरही असू शकते.

बल्लारपूरपासून वणीपर्यंतच्या कोळसा खाणीत उतरणाऱ्यांना हे कळायला पुस्तक वाचावे लागत नाही. थर धरून खोदत पुढे गेले की मध्येच कोळसा संपतो आणि समोर वाळूचा दगड उभा राहतो. खाणीत त्याला सरळ ‘फॉल्ट’ म्हणतात. कोळसा नाहीसा झालेला नसतो, तो थर भ्रंशापलीकडे वर चढलेला किंवा खाली उतरलेला असतो. किती मीटर आणि कुठल्या दिशेला, हे काढल्याशिवाय पुढचे खोदकाम ठरत नाही.

वायूच्या साठ्यासाठीही पहिला हिशेब हाच. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना कुठला थर कुठल्या थरासमोर आला आहे? दापोड्याच्या गोदामात शेजारी शेजारी दोन रॅक उभे आहेत आणि त्यातला एक जमीन खचून एका खणाने खाली गेला, असे समजा. आता इकडच्या खणासमोर तिकडचा तोच खण राहिला नाही. भ्रंशाने खडकांचे थर असेच सरकतात. एका बाजूच्या वालुकाश्मासमोर दुसऱ्या बाजूचा शेल आला असेल, तर वायूला आपोआप आडभिंत मिळते. वालुकाश्मासमोर वालुकाश्मच आला असेल, तर वायू भ्रंश ओलांडून पलीकडे जाऊ शकतो. वरच्या उथळ वालुकाश्माशी गाठ पडली असेल, तर वायूला एक पायरी वर चढायला मिळते. एकाच भ्रंशावर सरकण्याचे माप जागोजागी बदलते, त्यामुळे तोच भ्रंश एका ठिकाणी भिंत असतो आणि दोन किलोमीटरवर दार.

आडवा रोखतो, उभा सोडतो

दुसरा हिशेब भ्रंशाच्या पोटात काय आहे याचा. भ्रंश ही एक रेघ नसते, तो एक पट्टा असतो. पट्ट्याच्या मध्यभागी दगड दळून बारीक झालेला असतो. दोन्ही अंगांना तुटलेल्या, भेगाळलेल्या खडकाचा जाड भाग असतो.

वालुकाश्मातला लहान भ्रंश जवळून पाहिला की हे स्पष्ट दिसते. वारा-पावसाने झिजलेल्या वालुकाश्माच्या कड्यावर कधी कधी फिकट, बारीक रेघा उठून आलेल्या असतात. आजूबाजूचा दगड झिजला, पण त्या रेघा झिजल्या नाहीत. त्यांची जाडी काही मिलिमीटर असते. बोट फिरवले तर बाजूचे कण हाताला लागतात, त्या रेघेवरचे लागत नाहीत. सरकताना वाळूचे कण तिथे फुटून पीठ झाले, छिद्रे बुजली आणि तो भाग मूळ दगडापेक्षा कठीण झाला. अशा रेघेतून द्रव पलीकडे जाण्याचा वेग दहापटीने ते हजारपटीने, कधी त्याहूनही कमी होतो. म्हणजे वाळूचा दगड तुटताना काही वेळा आपली भेग स्वतःच बुजवतो.

वालुकाश्माच्या थरांमध्ये शेलचे थर असतील, तर भ्रंश सरकताना शेलमधली चिकणमाती ओढली जाते आणि भ्रंशाच्या अंगावर लिंपली जाते. तेलक्षेत्रात काम करणारे भूवैज्ञानिक ही माती मोजतात. भ्रंशाच्या एखाद्या बिंदूसमोरून जेवढे थर सरकून गेले, त्यांत चिकणमातीचा वाटा किती होता, याचे प्रमाण काढतात. ते साधारण वीस टक्क्यांच्या वर असेल तर भ्रंश आडवा प्रवाह अडवण्याची शक्यता चांगली असते. स्वच्छ वाळूचा जाड थर असेल तर लिंपायला मातीच नसते, मग दळलेल्या कणांवरच भिस्त ठेवावी लागते.

पण अर्धी गोष्ट इथे संपते. पट्ट्याचा मधला भाग आडवा प्रवाह रोखतो, तरी त्याच्या दोन्ही अंगांच्या भेगा उभ्या असतात आणि त्यातून वर जायला वाट असते. आडवा बंद, उभा उघडा, असा हा प्रकार आहे. नकाशावर ‘हा भ्रंश बंद आहे’ असा शिक्का मारणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, कुठल्या दिशेने बंद?

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रीन रिव्हर गावाजवळ याचे उघडे उदाहरण आहे. तिथल्या खोल वालुकाश्मात नैसर्गिक कार्बन डायऑक्साइड आहे आणि लिटल ग्रँड वॉश नावाचा भ्रंश त्याला चिरत गेला आहे. भ्रंशालगत वायू वर येतो. १९३० च्या दशकात तिथे तेलाच्या शोधात खणलेल्या विहिरीतून आजही थंड पाण्याचे कारंजे उसळते, आणि ते उसळवते ते वाफ नव्हे तर कार्बन डायऑक्साइड. भ्रंशाच्या काठाने चुनखडीचे जुने थर साचले आहेत. त्यांचे वय काढले तेव्हा लाखभर वर्षांपूर्वीही तिथे वायू येत होता असे दिसले. गळतीची जागा मात्र काळानुसार बदलत गेली. एका भेगेत खनिजे साचून ती बुजली की वायू शेजारची भेग शोधतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की पाणी आम्लधर्मी होते. असे पाणी भेगेतला चुना विरघळवून तिला मोठी करू शकते आणि वर जाऊन दाब उतरला की तोच चुना टाकून भेग बुजवूही शकते.

दाब : कोयनेचा धडा

आतापर्यंत भ्रंश जागच्या जागी आहे असे धरून बोललो. पण वायू आत ढकलताना खडकातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि दाब वाढला की भ्रंश हलू शकतो. हे महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. १०३ मीटर उंचीच्या धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले होते आणि तेव्हापासून लहान धक्केही सुरू झाले होते. आज धरणामुळे उद्दीपित झालेल्या भूकंपाचे हे जगातले सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आहे. धक्के अजूनही येतात.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींवर दाबल्या गेलेल्या असतात आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण त्यांना सरकू देत नाही. एक किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचे ओझे सुमारे २३० बार असते, तर छिद्रांतल्या पाण्याचा दाब सुमारे १०० बार. पाण्याचा दाब दोन्ही बाजूंना आतून लोटतो, त्यामुळे घर्षणाला उरतो तो फरक. पाण्याचा दाब वाढला की फरक कमी होतो आणि घर्षण सैल पडते. भ्रंश मुळातच सरकण्याच्या बेतात असेल, तर एवढे पुरते. कोयनेच्या शंभर मीटर पाण्याने तळाशी जास्तीत जास्त दहा बारचा दाब वाढवला. खोलवर पोहोचेपर्यंत तो आणखी कमी झाला. तरीही भ्रंश हलला. वायू साठवताना विहिरीच्या तळाशी याहून कितीतरी जास्त दाब वाढू शकतो, हे लक्षात ठेवायला हवे.

दापोड्याच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातही असेच घडले. भातसा धरण भरताना १९८३ मध्ये धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि त्यातला मोठा धक्का पाच तीव्रतेच्या जवळ होता. उत्तरेकडे डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांचे सत्र सुरू झाले आणि धुंदलवाडीच्या परिसरातले लोक कितीतरी रात्री घराबाहेर झोपले.

प्रत्येक भ्रंश असा बेतात नसतो. भ्रंशाची दिशा आणि जमिनीतल्या ताणाची दिशा यांचा मेळ बसला तरच तो सरकायला तयार असतो. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाशी भिडलेला असल्यामुळे आपल्या खडकांत कायम ताण असतो. कुठला भ्रंश या ताणाला सोयीचा आहे आणि कुठला नाही, हे मोजता येते. शिवाय वायूपेक्षा दाब फार दूर जातो. वायू विहिरीभोवती काही किलोमीटर पसरतो, पण दाबाची लाट त्याच्या कितीतरी पुढे पोहोचते. म्हणून वायू जिथे जाणारच नाही, त्या दूरच्या भ्रंशाचाही हिशेब करावा लागतो.

तीन ठिकाणे, तीन निकाल

नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला. त्यानंतर १९९६ पासून उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात दरवर्षी सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली साधारण एक किलोमीटरवर साठवला जाऊ लागला. तिथला उत्सिरा वालुकाश्म दोन-तीनशे मीटर जाड आणि अफाट पसरलेला आहे, आणि त्यात मोठ्या भ्रंशांची आडकाठी नाही. दाब पसरायला जागा मिळाल्याने तो जवळजवळ वाढलाच नाही. हा प्रकल्प सगळीकडे आदर्श म्हणून दाखवतात.

त्याच देशात स्नोह्विट क्षेत्रात २००८ मध्ये असेच काम सुरू झाले. वालुकाश्म अडीच किलोमीटरहून खोल होता, पण भ्रंशांनी त्याचे कप्पे पाडलेले होते. आडवा प्रवाह अडला आणि दाब अपेक्षेपेक्षा फार लवकर मर्यादेकडे सरकू लागला. शेवटी २०११ मध्ये त्या थरात वायू सोडणे थांबवून तो वरच्या दुसऱ्या थराकडे वळवावा लागला. इथे भ्रंशाने गळती केली नाही, उलट तो फार चांगला बंद होता. गळणारा भ्रंश धोक्याचा हे सगळ्यांना कळते. न गळणारा भ्रंशही अडचण करतो, हे स्नोह्विटने शिकवले.

तिसरे ठिकाण अल्जीरियाच्या वाळवंटातले इन सालाह. २००४ ते २०११ या काळात तिथे सुमारे ३८ लाख टन वायू एक हजार नऊशे मीटर खोलीवरच्या केवळ वीस मीटर जाडीच्या वालुकाश्मात सोडला गेला. उपग्रहांनी मोजले तर विहिरींवरची जमीन वर्षाला सुमारे पाच मिलिमीटरने वर उचलली जात होती. एका विहिरीवर हा फुगवटा दोन समांतर पट्ट्यांत दिसला. खाली भेगांचा एक उभा पट्टा उघडला असल्याची ती खूण होती आणि तो वरच्या आवरणाच्या खालच्या भागात शिरला होता. वायू पृष्ठभागापर्यंत आला नाही, तरी आवरणाची खात्री उरली नाही आणि काम थांबवण्यात आले. शेकडो किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या मोजणीत खालच्या भेगेचा ठसा दिसला. देखरेख ठेवली तर जमीन वेळीच सांगते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

दाब उतरवण्याचा एक उपाय म्हणजे खारे पाणी बाहेर काढत राहणे. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन प्रकल्पात २०१९ मध्ये वायू सोडायला सुरुवात झाली तेव्हा हाच उपाय योजला होता. पण पाणी काढणाऱ्या यंत्रणेत वाळू येऊन ती तुंबली आणि वायू सोडण्याचे प्रमाण कमी ठेवावे लागले. कागदावर सोपा दिसणारा उपायही खडकाच्या स्वभावावर अवलंबून असतो.

आपल्याकडचा वालुकाश्म

महाराष्ट्रात वालुकाश्म शोधायचा तर विदर्भात जावे लागते. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यात गोंडवन काळातले थर आहेत. तळाशी तालचीर, त्यावर कोळसा बाळगणारे बराकर, त्यावर कामठी. नागपूरजवळच्या कामठीवरून जगाच्या भूशास्त्रात एका खडकसमूहाचे नाव पडले. हे सगळे थर प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात साचले, आणि ते खोरेच मुळी भ्रंशांमुळे जमीन खचून तयार झालेले आहे. भ्रंश नसते तर तिथे इतकी वाळू साचलीच नसती. म्हणजे भ्रंशाने साठ्याची जागा दिली आणि त्याच भ्रंशाने तिचे तुकडेही केले.

याच पट्ट्यात २,९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे, सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. वायूचा उगम आणि वालुकाश्म शेजारी शेजारी, म्हणून या पट्ट्याकडे लक्ष जाणे साहजिक आहे. पण कामठी वालुकाश्म हा तिथल्या गावांच्या विहिरींचा आणि कूपनलिकांचा आधार आहे. खालच्या थरात सोडलेला वायू भ्रंशाच्या काठाने वर चढून गोड्या पाण्याच्या थरात शिरला तर पाणी आम्लधर्मी होईल आणि खडकातली नको ती खनिजे त्यात उतरतील. जागोजाग खणलेल्या कोळसा खाणींनी वरचे थर आधीच ढिले केले आहेत. इथे कुठलाही निर्णय भ्रंशांच्या नकाशाशिवाय घेणे म्हणजे लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर जुगार खेळणे होय.

गुजरातेत भडोचजवळच्या गंधार तेलक्षेत्राचा मार्ग वेगळा आहे. तिथले तेल वालुकाश्मातच आहे. कोयली शुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड तिथे सोडून जास्त तेल काढावे आणि वायू खालीच राहू द्यावा, यासाठी २०१९ मध्ये इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांच्यात करार झाला. तेलक्षेत्राची जमेची बाजू अशी की तिथल्या भ्रंशांनी लाखो वर्षे तेल धरून ठेवले आहे. पण उणी बाजूही आहे. तिथे अनेक जुन्या विहिरी असतात आणि नीट न बुजवलेली विहीर ही माणसाने केलेली सरळ, उभी वाटच असते.

काळ्या पाषाणाखाली काय दडले आहे

राहिला दापोड्याखालचा बेसाल्ट. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्के भाग खनिज झाला, म्हणजे दगडच झाला. वालुकाश्मात ज्याला हजारो वर्षे लागतात ते बेसाल्टमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे इतक्या लवकर घडते. दख्खनच्या पठारावर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर बेसाल्ट पसरलेला असल्याने आपल्या शास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे जाणे योग्यच आहे.

पण इथेही भ्रंशांपासून सुटका नाही. मुंबई-पनवेल पट्ट्यात लाव्हाचे थर आडवे राहिलेले नाहीत, ते समुद्राकडे कललेले आहेत. जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये या वाकलेल्या पट्ट्याला पनवेलचे नाव दिले. पुढे आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये त्याचा संबंध खोलवर वळत जाणाऱ्या भ्रंशाशी जोडला. वज्रेश्वरीची कुंडे याच प्रदेशातली.

बेसाल्टची आणखी एक अडचण आहे. तेल शोधणारे लोक जमिनीत ध्वनिलहरी सोडून खालच्या थरांचे आणि भ्रंशांचे चित्र काढतात. लाव्हाच्या थरांवर थर असले की त्या लहरी विखुरतात आणि खालचे चित्र धूसर होते. भ्रंश खाली असतो, पण वरून दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जो भूकंप झाला तो अशाच न दिसणाऱ्या भ्रंशाने घडवला. त्याआधी तो प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जात होता. हजारो माणसे गेल्यावर तिथे खोल छिद्र घेतले तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली प्राचीन खडक लागला. कोयना भागात नऊशे मीटरहून अधिक बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचे खडक मिळाले, वालुकाश्माचा थर मध्ये नव्हताच. तिथल्या गोठणे गावात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले आणि कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीतून या भागाचा अभ्यास चालतो. महाराष्ट्राच्या जमिनीबद्दल सगळ्यात खरी माहिती अशा छिद्रांमधूनच मिळाली आहे.

पहिला टन सोडण्याआधी

या सगळ्यातून माझ्या मते एकच गोष्ट ठामपणे निघते. ‘इथे भ्रंश आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे, कारण भ्रंश नसलेली जमीन जवळपास नसतेच. विचारायचे ते असे. भ्रंशाच्या दोन बाजूंना कुठले थर समोरासमोर आहेत? त्याच्या पोटात चिकणमाती आहे, दळलेली वाळू आहे की उघड्या भेगा? आडवा आणि उभा तो वेगवेगळा कसा वागतो? आजच्या ताणात तो किती बार दाब सहन करील? आणि दाबाची लाट कुठल्या कुठल्या भ्रंशापर्यंत पोहोचेल?

या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मोजून काढता येते. छिद्रे घेऊन ताण मोजता येतो, भ्रंशाचे तुकडे प्रयोगशाळेत दाबून पाहता येतात, सूक्ष्म धक्के टिपणारी यंत्रे वायू सोडण्याच्या कितीतरी आधी बसवता येतात आणि उपग्रहातून जमिनीची हालचाल पाहता येते. ठरावीक तीव्रतेचा धक्का आला की दाब कमी करायचा आणि त्याहून मोठा आला की काम थांबवायचे, असा नियम आधीच लिहून ठेवता येतो. यात खर्च आहे, वेळ आहे. पण स्नोह्विट आणि इन सालाह या दोन्ही ठिकाणी मोठी हानी टळली, ती मोजणी सुरू होती म्हणून आणि मोजणीचे ऐकून काम थांबवण्याची तयारी होती म्हणून.

आणखी एक गोष्ट तंत्राइतकीच महत्त्वाची आहे. कोयना, भातसा, किल्लारी आणि डहाणूच्या लोकांनी जमीन हलताना अनुभवली आहे. चंद्रपूरच्या खाणकामगाराला भ्रंश हाताने माहीत आहे. उद्या विदर्भातल्या वालुकाश्मात किंवा दख्खनच्या बेसाल्टमध्ये कार्बन साठवायचे ठरले, तर भ्रंशांचे नकाशे, दाबाची मर्यादा आणि काम थांबवण्याचा नियम या लोकांपुढे मराठीत मांडला गेला पाहिजे, आणि तोही पहिला टन खाली जाण्याआधी. हवेतला कार्बन कमी करणे ही आपल्या पिढीची जबाबदारी आहेच. पण ज्यांच्या पायाखाली तो ठेवायचा, त्यांना त्यांच्याच जमिनीची माहिती देणे ही त्या जबाबदारीची पहिली अट आहे.